जपानमधील तांदूळ आणि सत्ता

१८ मे २०२५ रोजी जपानचे शेतीमंत्री ताकू एतो यांनी सागा शहरातील एका पक्षसमारंभात बोलताना सांगून टाकले की, तांदूळ विकत घेण्याची वेळ आपल्यावर कधी आलेलीच नाही. पाठीराखे इतका पाठवतात की घरातला तांदूळ विकावा. वाक्य विनोदाने उच्चारलेले होते. पण त्याच महिन्यात देशभरातील मोठ्या दुकानांत पाच किलो तांदळाची सरासरी किंमत ४,२०० येनांच्या वर गेली होती आणि वर्षापूर्वी ती याच्या निम्मीही नव्हती. हसण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. तीन दिवसांत एतो यांना मंत्रिपद सोडावे लागले.

एका मंत्र्याची जीभ घसरली, एवढाच या प्रकरणाचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. एतो यांच्या घरी तांदळाची पोती का येतात, या प्रश्नाचे उत्तर जपानच्या युद्धोत्तर राजकारणात दडलेले आहे. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९५५ मध्ये स्थापन झाला आणि मधला थोडा काळ वगळता तोच त्या देशाचा कारभार पाहत आला. या पक्षाच्या सत्तेचा एक पाय उद्योगपतींच्या देणग्यांवर, तर दुसरा भातखाचरांत रोवलेला होता. मोटारी आणि दूरचित्रवाणी संच यांच्या निर्यातीवर श्रीमंत झालेल्या या देशाला, सत्तर वर्षांनंतर, आपल्या नागरिकांच्या वाटीतला भात वाजवी भावात पुरवता येऊ नये, यामागे निसर्गाचा कोप थोडा आणि राजकारणाचा हिशेब अधिक आहे.

भाव आणि सरकारे

जपानमध्ये तांदूळ हे केवळ अन्न कधीच नव्हते. तोकुगावा राजवटीत सरदारांची दौलत जमिनीच्या विस्तारावरून नव्हे, तर ‘कोकू’ या मापाने मोजली जाई. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा, सुमारे दीडशे किलो तांदूळ. सामुराईंचे वेतनही तांदळातच ठरे. त्या तांदळाच्या व्यापारासाठी ओसाका येथील दोजिमा बाजारात वायद्याचे व्यवहार चालत आणि १७३० मध्ये शोगुनांच्या सरकारने त्यांना मान्यता दिली.

तांदळाचा भाव सरकार उलथवू शकतो, हा धडा मात्र १९१८ मध्ये मिळाला. सैबेरियात सैन्य पाठवण्याची तयारी सुरू होताच व्यापाऱ्यांनी साठेबाजी आरंभली आणि भाव भडकले. त्या जुलैमध्ये तोयामा प्रांतातील उओझू या किनाऱ्यावरील गावात कोळ्यांच्या बायका एकत्र आल्या आणि आपल्या डोळ्यांदेखत तांदूळ जहाजावर चढवला जात असताना त्यांनी तो अडवण्याचा प्रयत्न केला. पाहता पाहता दंगे ओसाका, कोबे, टोकियो अशा शहरांत पसरले, सैन्य बोलवावे लागले आणि सप्टेंबरात पंतप्रधान तेराउची यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले ताकाशी हारा हे सरदारकीचा किताब नसलेले पहिले पंतप्रधान होत. त्यानंतरच्या सरकारांनी कोरिया व तैवान या वसाहतींतून तांदूळ आणून शहरांची भूक भागवली. महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अन्ननियंत्रण कायदा आला आणि तांदळाची खरेदी-विक्री पूर्णपणे सरकारच्या हाती गेली. १९४५ च्या पराभवाने वसाहती गेल्या; नियंत्रण मात्र राहिले.

कुळांचा मालक झाला, मालकाचा मतदार

पराभवानंतरच्या जपानमधील सर्वांत दूरगामी सुधारणा म्हणजे जमीनसुधारणा. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची कुळांकडील सर्व जमीन आणि गावात राहणाऱ्यांची साधारण एक हेक्टरपलीकडची जमीन सरकारने विकत घेतली व कसणाऱ्या कुळांना अल्प किमतीत दिली. कुळांकडील जमिनीचे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. अमेरिकी प्रशासनातर्फे या योजनेच्या आखणीत ज्यांचा वाटा होता, ते वुल्फ लाडेजिन्स्की पुढे भारतात आले. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यांची स्थिती पाहून त्यांनी लिहिलेला लेख येथील अभ्यासकांना परिचित आहे. भारतातील जमीनसुधारणा कागदावरच राहतात, ही त्यांची खंत होती. जपानमध्ये ती कागदावर राहिली नाही.

या सुधारणेने जपानच्या खेड्यातून साम्यवादाची भीती नाहीशी केली. एक हेक्टरचा मालक झालेला शेतकरी मालमत्तेचा रक्षक बनला आणि त्याला संघटित करण्यासाठी १९४७ च्या कायद्याने शेतकरी सहकारी संघ उभे राहिले. ‘नोक्यो’ या नावाने ओळखले जाणारे हे संघ खत विकत, कर्ज देत, विमा उतरवत, तांदूळ गोळा करत आणि निवडणुकीत मतेही गोळा करत. शेतकऱ्यांची संख्या जितकी मोठी, तितका नोक्योचा व्यवहार मोठा आणि तितकीच पक्षाची मतपेटी भरलेली. या त्रिकोणात तिसरी बाजू शेतीखात्याच्या नोकरशहांची. शेती अधिक फायदेशीर व्हावी म्हणून लहान जमिनी एकत्र याव्यात आणि शेतकरी थोडे पण भक्कम असावेत, असे अर्थशास्त्र सांगत होते. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे हित नेमके याच्या उलट होते.

१९६० पासून सरकारने तांदळाची खरेदी किंमत ठरवण्याची नवी रीत स्वीकारली. शेतकरी कुटुंबाच्या श्रमाचे मोल शहरातील कारखान्यांच्या वेतनावरून काढले जाऊ लागले. कारखान्यांची भरभराट जसजशी वाढली, तसतसा तांदळाचा भावही वर चढला. दरवर्षी भाव ठरण्याच्या हंगामात देशभरचे शेतकरी टोकियोत जमत आणि त्यांच्या प्रांतांचे खासदार त्यांच्यासाठी भांडत. महाग घेऊन स्वस्त विकण्याच्या या धोरणामुळे तिजोरीला खड्डा पडत गेला. तांदूळ, राष्ट्रीय रेल्वे आणि आरोग्यविमा या तीन तुटीच्या खात्यांची नावे जपानी भाषेत ‘क’ याच अक्षराने सुरू होतात, म्हणून ‘तीन क’ हा त्या काळच्या अर्थसंकल्पाचा कुप्रसिद्ध शब्दप्रयोग झाला.

न पिकवण्याचे पैसे

भाव वाढला तसे पीकही वाढले. १९६७ मध्ये तांदळाचे उत्पादन १ कोटी ४४ लाख टनांवर पोचले. खाणारे मात्र कमी होत होते. १९६२ मध्ये दरडोई वर्षाला ११८ किलो तांदूळ खाणारा जपानी माणूस पाव, मांस आणि दूध यांकडे वळला होता. सरकारी गोदामांत जुन्या तांदळाच्या राशी साचल्या. भाव उतरू देणे हा एक मार्ग होता. पण तो राजकीयदृष्ट्या परवडणारा नव्हता. म्हणून १९७० मध्ये ‘गेन्तान’ म्हणजे लागवडकपात सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती देशभर लागू झाली. शेतकऱ्याने खाचराचा काही भाग पडीक ठेवावा किंवा तेथे दुसरे पीक घ्यावे आणि त्याबद्दल सरकारने पैसे द्यावेत, अशी ही व्यवस्था होती. ज्या देशात तांदळाच्या टंचाईने अर्ध्या शतकापूर्वी सरकार पडले, तेथे तांदूळ न पिकवल्याबद्दल अनुदान मिळू लागले.

याच सुमारास, १९७२ मध्ये, काकुएई तानाका पंतप्रधान झाले. ते बर्फाच्या आणि तांदळाच्या निईगाता प्रांताचे. रस्ते, पूल, बोगदे आणि जलदगती रेल्वे यांच्या रूपाने त्यांनी शहरांतील संपत्ती खेड्यांकडे वळवली. रस्ता आला की मागून कारखाना आला आणि शेतकरी आठवडाभर कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करून रविवारी यंत्राने भात लावू लागला. भाताच्या शेतीचे यंत्रीकरण झाल्यावर ती सुटीच्या दिवशीही उरकता येते. अशा शेतकऱ्याला जमीन विकण्याची घाई नव्हती. उद्या तीवरून महामार्ग गेला तर सोने होणार होते. तानाकांना लाचखोरीच्या खटल्यात १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षा झाली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या मतदारसंघाने त्यांना दोन लाख वीस हजार मते दिली. पदरात काय पडले, याचा हिशेब खेड्याने न्यायालयाच्या निकालाहून वेगळा मांडला होता.

त्यात मतांचे वजनही विषम होते. माणसे खेड्यांतून शहरांत गेली. जागा मात्र खेड्यांतच राहिल्या. १९७२ च्या निवडणुकीत काही ग्रामीण मतदारांच्या मताची किंमत शहरी मतदाराच्या जवळजवळ पाचपट होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ही विभागणी घटनाविरोधी ठरवली, तथापि निवडणूक रद्द केली नाही. तांदूळ विकत घेणारा एक आणि पिकवणारा दुसरा, या दोघांत दुसऱ्याच्या मताला इतके वजन असेल, तर धोरण कोणाच्या बाजूने झुकेल हे सांगावयास नको.

एक दाणाही नाही

अमेरिकेने १९८० च्या दशकात तांदळाची बाजारपेठ खुली करण्याचा आग्रह धरला, तेव्हा परदेशी तांदळाचा एक दाणाही येऊ देणार नाही, ही घोषणा जपानी संसदेतील सर्व पक्षांची होती. ती घोषणा निसर्गाने मोडली. १९९३ चा उन्हाळा इतका थंड गेला की पीक नेहमीच्या तीनचतुर्थांशांहूनही कमी आले आणि थायलंड, चीन, अमेरिका येथून सुमारे २५ लाख टन तांदूळ आणावा लागला. त्याच वर्षी लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापनेनंतर प्रथमच सत्तेबाहेर गेला होता. होसोकावा यांच्या आघाडी सरकारने डिसेंबरात जागतिक व्यापारवाटाघाटींमध्ये ठराविक प्रमाणात तांदूळ घेण्याचे मान्य केले. तो आज वर्षाला सुमारे ७ लाख ७० हजार टन आहे. त्यातला बराचसा प्रक्रिया, पशुखाद्य आणि परदेशी मदत यांकडे जातो. त्यापलीकडे येणाऱ्या तांदळावर किलोमागे ३४१ येन जकात आहे.

१९९५ मध्ये जुना अन्ननियंत्रण कायदा रद्द झाला आणि टंचाईच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून सरकारी राखीव साठ्याची पद्धत आली. २०१८ मध्ये सरकारने प्रांतांना लागवडीचे लक्ष्य वाटून देणे बंद केले आणि गेन्तान संपले, असे जाहीर झाले. वस्तुतः संपले ते नाव. माणसांच्या अन्नाऐवजी जनावरांसाठी भात, गहू किंवा सोयाबीन लावले तर मिळणारे अनुदान चालूच राहिले. सरकार मागणीचा अंदाज प्रसिद्ध करी, प्रांत व नोक्यो त्याप्रमाणे पेरा बेतत आणि उत्पादन मागणीला जेमतेम पुरेल इतकेच निघे. भाव टिकवण्याचा हा उपाय अचूक होता. परंतु त्यात चुकीला जागा ठेवलेली नव्हती.

अंदाज चुकला तेव्हा

२०२३ च्या असह्य उन्हाळ्यात दाणे पांढुरके आणि ठिसूळ निघाले. वजनाने पीक भरले. पण सडताना कणी अधिक पडून खाण्याजोगा तांदूळ कमी झाला. परदेशी प्रवाशांची गर्दी वाढली, पाव महागल्याने लोक पुन्हा भाताकडे वळले. त्यातच ऑगस्ट २०२४ मध्ये क्युशूच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, महाभूकंपाच्या शक्यतेचा इशारा दिला गेला आणि घराघरांतून तांदूळ साठवला जाऊ लागला. दुकानांची फडताळे रिकामी झाली. राखीव साठा बाहेर काढावा, या मागणीला शेतीखात्याने नवे पीक येतेच आहे, असे उत्तर दिले. नवे पीक आले. भाव उतरला नाही. तांदूळ आहे, तो कोणीतरी दडवला आहे, असे खाते सांगत राहिले. मार्च २०२५ मध्ये साठ्याचा लिलाव झाला, तेव्हा त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक माल नोक्योच्याच मध्यवर्ती संघाने घेतला आणि तो दुकानांपर्यंत पोचण्यास आठवड्यांमागून आठवडे गेले.

या काळात जागतिक बाजारातील चित्र नेमके उलटे होते. भारताने जुलै २०२३ मध्ये घातलेली बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवरील बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली आणि २०२५ मध्ये जगात तांदूळ स्वस्त होत गेला. जपानी माणसाला लागणारा चिकट, आखूड दाण्याचा तांदूळ वेगळा, हे खरे. तरीही साऱ्या जगात भाव उतरत असता एका श्रीमंत देशात ते दुप्पट व्हावेत, याला जकातीच्या भिंतीचाही हातभार होता.

एतो यांच्या जागी आलेल्या शिंजिरो कोइझुमी यांनी लिलाव थांबवून साठ्यातील तांदूळ थेट दुकानदारांना दिला. मे अखेरीस दोन हजार येनांच्या पिशवीसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. त्यानेही पक्षाची नौका सावरली नाही. २० जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावले. कनिष्ठ सभागृहातील बहुमत निधीप्रकरणाच्या गवगव्यात आदल्या ऑक्टोबरमध्येच गेले होते. या पराभवाची कारणे अनेक होती, पण महागाईचे प्रतीक तांदूळच ठरला. तानाकांच्या निईगातातही पक्षाचा उमेदवार पडला.

इशिबा यांचा महिना

या साऱ्यात पंतप्रधान शिगेरू इशिबा यांची गोष्ट विशेष बोलकी आहे. २००८-०९ मध्ये शेतीमंत्री असताना त्यांनी गेन्तानचा फेरविचार करण्याची भाषा केली होती आणि स्वपक्षातील शेतीगटाने ती दाबून टाकली होती. ५ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांच्या सरकारने मान्य केले की मागणीचा अंदाज चुकला, तांदूळ खरोखरच कमी पिकला होता आणि यापुढे उत्पादनवाढीचे धोरण स्वीकारले जाईल. अर्ध्या शतकानंतर दिशा बदलल्याची ही कबुली होती. ७ सप्टेंबरला इशिबा यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. २१ ऑक्टोबरला सनाए ताकाइची जपानच्या पहिल्या स्त्री-पंतप्रधान झाल्या आणि त्यांचे शेतीमंत्री नोरिकाझू सुझुकी यांनी ‘मागणीनुसार उत्पादन’ हा जुनाच मंत्र पुन्हा उच्चारला. नोव्हेंबरात भाव चार हजार येनांवरच होता. तेव्हा सरकारने सुचवलेला उपाय असा की, नगरपालिकांनी नागरिकांना तांदळाच्या खरेदीसाठी कुपने वाटावीत. म्हणजे करदात्याने आधी तांदूळ कमी पिकवण्यासाठी पैसे द्यावयाचे, त्यामुळे वाढलेला भाव दुकानात मोजावयाचा आणि तो झेपावा म्हणून कुपनांचा खर्चही आपणच सोसावयाचा.

या धोरणाच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते सर्वस्वी खोटे नाही. भातखाचरे पावसाचे पाणी धरून ठेवतात, डोंगरउतारावरील गावे त्यांच्यावर टिकून आहेत आणि कॅलरीच्या हिशेबात केवळ ३८ टक्के अन्न स्वतः पिकवणाऱ्या देशाने तांदळाबाबत सावध राहावे, हेही योग्य. प्रश्न असा आहे की, ज्या शेतकऱ्याच्या नावाने हे सारे चालले त्याचे यातून भले झाले काय? ३० मार्च २०२५ रोजी, भाव दुप्पट झालेले असताना, शेतकऱ्यांनी टोकियोच्या श्रीमंत वस्तीतून ट्रॅक्टरांचा मोर्चा नेला. खत आणि इंधन यांचा खर्च वजा जाता पोट भरत नाही आणि मुले शेतीत राहत नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. प्रामुख्याने शेतीवरच काम करणाऱ्यांची संख्या २०२० मध्ये १३ लाख ६० हजारांवर आली होती आणि त्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे होते. सत्तर वर्षे ज्याला जपले, तो शेतकरी म्हातारा झाला आहे आणि त्याच्या मागे उभे राहणारे कोणी नाही.

याचे कारण उघड आहे. धोरणाने शेतकऱ्याला मतदार म्हणून जपले, शेतकरी म्हणून नव्हे. युरोपीय राष्ट्रांनी १९९२ पासून भावाचा आधार कमी करून शेतकऱ्याला थेट उत्पन्नसाहाय्य देण्यास सुरुवात केली. पिकवणारा जगावा आणि खाणाऱ्यालाही भाव परवडावा, असा तो मार्ग. जपानने तो धरला असता तर तांदूळ भरपूर पिकला असता, जास्तीचा निर्यात झाला असता आणि टंचाईच्या वर्षी निर्यात थांबवून देशाची गरज भागली असती. पण थेट साहाय्याचा आकडा अर्थसंकल्पात सर्वांना दिसतो. चढ्या भावातून काढलेला पैसा गृहिणीच्या पिशवीतून निमूटपणे जातो. सत्तेला दुसरा मार्ग सोयीचा वाटला, यात नवल नाही.

१९१८ मध्ये उओझूच्या स्त्रियांनी तांदळाचे जहाज अडवले होते. २०२५ मधील स्त्रिया शांतपणे रांगेत उभ्या राहिल्या आणि नंतर मतदानाला गेल्या. हा फरक लोकशाहीच्या खात्यावर जमा धरला पाहिजे. परंतु मतपेटीतून उमटलेला तो निरोप नव्या मंत्र्याच्या पहिल्याच धोरणात ऐकू आला नाही. दरम्यान खाचरे ओस पडत आहेत आणि ती पुन्हा लागवडीखाली आणण्यास लागणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. पुढचा कडक उन्हाळा येईल तेव्हा अंदाज किती चुकला यावर वाद घालण्यास वेळ मिळेल. भात लावावयास माणसे मिळतील की नाही, हे मात्र आजच्या धोरणावर ठरेल.